घरपोच रक्ततपासणी, बाबांची पीएसए आणि ‘नाकारा’चं बटण

हा रिव्ह्यू लिहायच्या आधी मी बाबांना विचारलं, तुमच्याबद्दल लिहू का? त्यांनी दोन दिवस घेतले आणि मग म्हणाले, “आकडा सोडून सगळं लिही.” म्हणून रिपोर्टमधला आकडा इथं नाही. बाकी जे घडलं ते तसंच्या तसं लिहिते आहे.

सेवा अशी: वेबसाइटवर तपासणी निवडायची, वेळ ठरवायची, माणूस घरी येऊन रक्त घेऊन जातो, रिपोर्ट मोबाइलवर येतो. पुण्यात अशा सेवा आता बऱ्याच आहेत, त्यातलीच ही एक. नाव देत नाही, कारण मी केलेल्या तक्रारीतल्या एका प्रश्नाचं उत्तर अजून यायचं आहे आणि ते येईपर्यंत नाव घेऊन बोलणं मला बरोबर वाटत नाही. खर्च म्हणाल तर पीएसएचे ६५० रुपये आणि घरी येण्याचे १००.

माझे आई-बाबा नारायण पेठेत तिसऱ्या मजल्यावर राहतात. लिफ्ट नाही. बाबा ७१ वर्षांचे. चाळीस वर्षं छापखान्यात काढली, आणि अजूनही मंडईत सायकलवर जातात. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात डॉक्टरांनी त्यांना पीएसए करून घ्यायला सांगितलं. पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथीत तयार होणारं एक प्रथिन रक्तात किती आहे, ते या तपासणीत मोजतात. आकडा वाढलेला निघाला म्हणजे कॅन्सरच असतो असं नाही; वयामुळे ग्रंथी मोठी झाली किंवा तिला सूज असली तरी तो वाढतो. पण वाढला तर पुढं बघावं लागतं. बाबांनी हे आईला आणि मला सांगितलं आणि बजावलं की बाहेर कुणालाही कळता कामा नये. माझ्या सख्ख्या काकांनाही नाही. का, ते मी विचारलं नाही. ती त्यांची गोष्ट होती.

बुकिंग मी केलं, त्यांच्याच घरी बसून, त्यांच्याच टॅबलेटवर. पान उघडलं तशी खालून एक चौकट वर आली. सगळा मजकूर इंग्रजीत. ‘स्वीकारा’ या अर्थाचं मोठं निळं बटण आणि बाजूला पुसट राखाडी अक्षरांत ‘पर्याय’. बाबांची छापखान्यातली सवय अशी की छापलेलं काहीही ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात. त्यांनी विचारलं, “हे काय म्हणतंय?” मी सांगितलं, तुम्ही काय बघताय याची माहिती जाहिरातवाल्यांना देऊ का, असं विचारतायत. ते म्हणाले, “मग नको.” मी ‘पर्याय’ उघडले. आवश्यक, विश्लेषण, जाहिरात, सोशल मीडिया अशी चार कलमं होती. पहिलं बंद करताच येत नव्हतं, उरलेली तिन्ही बंद केली, ‘सर्व नाकारा’ दाबलं, चौकट गेली. बाबांनी मान हलवली आणि आम्ही पुढं वेळ निवडली.

त्यानंतरची सेवा उत्तम होती, आणि ते मी हातचं काही न राखता लिहिते. तासाभरात एका बाईंचा फोन आला. स्वच्छ मराठीत, घाई न करता त्यांनी सांगितलं की उपाशी राहायची गरज नाही, पण आधीचे दोन दिवस सायकल चालवू नका, आकड्यावर परिणाम होऊ शकतो. हे आम्हाला तोवर कुणीच सांगितलं नव्हतं. बाबा दोन दिवस मंडईत चालत गेले.

रक्त घ्यायला आलेला मुलगा सातची वेळ दिलेली असताना सात वाजून पाच मिनिटांनी तिसऱ्या मजल्यावर होता, पाठीवर थंड पेटी घेऊन. आधी हात धुवायला जागा विचारली. मग, “काका, रक्त पातळ होण्याची गोळी चालू आहे का?” बाबांची शीर सापडत नाही, हे आमच्याकडे जुनं दुखणं आहे. गेल्या वर्षी एका ठिकाणी त्यांना चार वेळा टोचलं होतं. या मुलानं आईकडून कोमट पाण्यात भिजवलेला नॅपकिन मागून घेतला, तो दोन मिनिटं कोपरावर ठेवला आणि मग पट्टा बांधून एकाच प्रयत्नात रक्त काढलं. पिवळ्या टोपणाच्या नळीवर चिकटवलेलं नाव आणि वय बाबांना वाचून दाखवलं, त्यांच्याकडून ‘हो’ घेतलं, आमच्यासमोर सुई तोडली. पाणीसुद्धा न घेता गेला, पुढं शनिवार पेठेत जायचं होतं. रिपोर्ट संध्याकाळी सहाच्या आत आला, शेजारी जुन्या रिपोर्टशी तुलना करता येईल अशी मांडणी, छापून डॉक्टरांकडे नेता येईल अशी स्वच्छ पीडीएफ. एवढ्यावर मी पाच तारे देऊन मोकळी झाले असते.

मग संक्रांत आली.

आईचं हळदीकुंकू असतं. इमारतीतल्या आणि समोरच्या वाड्यातल्या मिळून पंधरा-वीस बायका येतात. मी वारज्याहून मदतीला गेले होते, वाण म्हणून आणलेल्या स्टीलच्या वाट्या मोजून ठेवत होते. माझ्या भाच्याचं पहिलं बोरन्हाण करायचं होतं, तर हलव्याचे दागिने घरी कसे करतात ते दाखवायला आईनं टॅबलेटवर एक मराठी पान उघडलं. दोघी-तिघी तिच्या खांद्यावरून वाकून बघत होत्या. मजकुराच्या मधोमध जाहिरात. त्याच कंपनीचं चिन्ह, एका वयस्क माणसाचा फोटो, आणि ठळक अक्षरांत प्रोस्टेट तपासणीचं पॅकेज, आज बुक केलं तर सवलत. आईनं बोटानं वर सरकवलं. खाली दुसरी आली, तीच.

खालच्या मजल्यावरच्या काकू अगदी काळजीनं म्हणाल्या, “अगं, कुणाला त्रास आहे का? आमच्या ह्यांचं झालं होतं ऑपरेशन.” त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. आई म्हणाली, “नाही हो, असंच येतं काहीतरी.” तिला खोटं बोलता येत नाही, हे पेठेत सगळ्यांना माहीत आहे. आतल्या खोलीच्या दाराला पडदा आहे आणि बाबा पडद्यापलीकडे बसले होते.

बायका गेल्यावर ते बाहेर आले. चिडले नाहीत. मला एवढंच विचारलं, “तू तेव्हा नको दाबलं होतंस ना?” दुसऱ्या दिवशी सकाळी ते झेड ब्रिजवरून संभाजी बागेत फिरायला गेले नाहीत. त्यानंतरचे पाच दिवसही गेले नाहीत.

मी चौदा वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. बटण दाबल्यावर ते जे म्हणतं तेच होतं का, हे बघणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे. बाबांच्या प्रश्नाला ‘हो, दाबलं होतं’ एवढंच उत्तर माझ्याकडे असणं मला सहन होईना. रविवारी लॅपटॉप घेऊन बसले.

पद्धत साधी होती. प्रत्येक वेळी ब्राउझरचं कोरं प्रोफाइल घ्यायचं, त्यात जुनी कुकी (वेबसाइट ब्राउझरमध्ये ठेवते ती छोटी नोंद) नाही, लॉगिन नाही. डेव्हलपर टूल्समधलं नेटवर्क पॅनल उघडं ठेवायचं. पान उघडल्यावर ब्राउझर कुणाकुणाला निरोप धाडतो ते त्यात ओळीनं दिसतं. ही सोय बहुतेक ब्राउझरमध्ये असते, लॅपटॉपवर एफ१२ दाबून कुणालाही बघता येते. मग पीएसएच्या पानावर जायचं, तपासणी कार्टमध्ये टाकायची, मोबाइल नंबर टाकायचा आणि तिथंच थांबायचं.

पहिल्या वेळी चौकटीला हात लावला नाही. ती ‘देऊ का’ असं विचारत पडद्यावर उभी असतानाच नऊ परक्या पत्त्यांकडे निरोप गेले होते. म्हणजे माझं उत्तर यायच्या आधीच माहिती देऊन टाकली होती.

दुसऱ्या वेळी सगळं नाकारलं आणि पान नव्यानं उघडलं. नऊ.

तिसऱ्या वेळी फायरफॉक्सच्या सेटिंगमध्ये, वेबसाइटनं माझी माहिती विकू नये किंवा पुढं देऊ नये, अशी जी खूण असते ती केली. ती केली की प्रत्येक पानाबरोबर ब्राउझर तसा संकेत स्वतःहून पाठवतो. शिवाय चौकटीतही नाकारलं. पुन्हा नऊ.

संख्येपेक्षा मला जास्त लागलं ते निरोपांतल्या मजकुराचं. त्यातला एक उघडून बघितला. पानाचा पूर्ण पत्ता, त्यात तपासणीचं नाव. पानाचं शीर्षक, त्यात ‘प्रोस्टेट’. किंमत ६५०. ‘कार्टमध्ये टाकलं’ अशी घटना. आणि मोबाइल नंबर टाकल्यावर गेलेल्या निरोपात चौसष्ट अक्षर-आकड्यांची एक लांब माळ. ती मी ओळखली. नंबर उघडा पाठवत नाहीत, त्याचा हॅश पाठवतात, म्हणजे गणितानं त्याचं असं रूप करतात की वरवर बघून मूळ नंबर कळू नये. मी माझ्याच नंबरचा हॅश माझ्या लॅपटॉपवर काढला, दोन्ही माळा एकाखाली एक लिहिल्या आणि अक्षर न अक्षर ताडून पाहिली. एकच होती.

कंपन्या म्हणतात हॅश म्हणजे सुरक्षित. पण एका नंबरचा हॅश कायम एकच येतो. तोच नंबर ज्या जाहिरात कंपनीकडे आधीच आहे, तिला तो जुळवायला क्षणही लागत नाही, आणि जुळवता यावा म्हणूनच तर तो पाठवतात. भारतातले मोबाइल नंबर दहा आकडी; सगळ्या शक्य नंबरांचे हॅश काढून ठेवणं साध्या संगणकालाही जड नाही. तेव्हा ‘आम्ही नाव-नंबर देत नाही’ या वाक्यानं माझं समाधान होत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. माझा नकार त्यांनी नोंदवला होता. ब्राउझरमध्ये त्यांनीच ठेवलेली कुकी मी उघडली, तिच्यात जाहिरातीपुढे ‘नाही’ असं स्पष्ट लिहिलेलं होतं. नकार पोचला होता, लिहून ठेवला होता, आणि तो वाचायचं काम कुणालाच दिलेलं नव्हतं.

हे कसं होतं ते मला कामामुळे माहीत आहे. संमतीची चौकट बहुधा तयार विकत घेतलेली असते. ती तुमची निवड जपून ठेवते. जाहिरातीचे ट्रॅकर, म्हणजे असे निरोप धाडणारे कोडचे तुकडे, मात्र वेगळ्या खात्यातली माणसं, वेगळ्या साधनातून, नव्या मोहिमेप्रमाणे पानात टाकत असतात. प्रत्येक ट्रॅकरला ‘आधी निवड बघ, मग चाल’ असं कुणीतरी हातानं जोडून द्यावं लागतं. ते जोडलं नाही तरी पान नीट दिसतं, चौकट नीट उघडते आणि मिटते, पैसे नीट भरले जातात. कुठेच एरर येत नाही.

आणि टेस्टर काय बघतो? चौकट उघडते का, बटण दाबता येतं का, पान नव्यानं उघडल्यावर ती पुन्हा येत नाही ना. तिन्ही बरोबर, टिकेट बंद. ‘नाकारा’ दाबल्यावर निरोप जायचे थांबले का, ही ओळ टेस्ट केसमध्ये, म्हणजे काय तपासायचं त्याच्या यादीत, कुणी लिहिलेलीच नसते. बाबांच्या टॅबलेटवरचं ते बटण कुणीतरी तपासून पास केलेलं असणार, माझ्याच कामातल्या, कदाचित याच शहरातल्या कुणीतरी. हा विचार मला त्या रात्री झोपू देईना.

कारण मीही हे केलं आहे. २०१२ मध्ये माझी पहिली नोकरी होती. तेव्हा ‘डू नॉट ट्रॅक’ नवं होतं. २०११ मध्ये फायरफॉक्सनं ते सगळ्यांत आधी आणलं होतं, पाठोपाठ इतर मोठ्या ब्राउझरनीही घेतलं. एक खूण करायची, की प्रत्येक वेबसाइटला ‘माझा माग काढू नका’ असा निरोप जाणार. मला काम दिलं होतं: आमच्या सर्व्हरपर्यंत हा निरोप पोचतो का ते बघ. पोचत होता. मी ‘पास’ लिहिलं आणि खूप आनंदानं घरी येऊन बाबांच्या जुन्या कंप्युटरवर ती खूण केली. सर्व्हर त्या निरोपाचं पुढं काय करतो, हे मी विचारलं नाही. मला कुणी विचारायला सांगितलं नव्हतं.

पुढं त्याचं काय झालं ते सगळ्यांनी बघितलं. तो निरोप पाळायचं कायद्याचं बंधन नव्हतं, म्हणून बहुतेकांनी पाळला नाही. पाळायचा म्हणजे नक्की काय करायचं, हे ठरवायला वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेत एक गट बसला होता. तो जानेवारी २०१९ मध्ये गुंडाळला गेला. त्याच वर्षी अ‍ॅपलनं सफारीतून ती सोय काढली. कारण ऐकून मी सुन्न झाले होते: ज्यांनी ती खूण केली आहे तेवढेच लोक गर्दीत वेगळे ओळखू येतात, म्हणजे ‘माझा माग काढू नका’ हे सांगणंच माग काढायला उपयोगी पडतं. २०२५ च्या सुरुवातीला फायरफॉक्सनंही ती खूण काढून टाकली.

मी तिसऱ्या तपासणीत वापरला तो नवा संकेत म्हणजे ग्लोबल प्रायव्हसी कंट्रोल, २०२० मधला. फायरफॉक्समध्ये तो सेटिंगमध्ये जाऊन चालू करावा लागतो, ब्रेव्ह आणि डकडकगोच्या ब्राउझरमध्ये तो आधीपासून चालू असतो. कामाची पद्धत जुन्यासारखीच, फरक कायद्याचा. कॅलिफोर्नियात हा संकेत पाळणं कंपन्यांना बंधनकारक आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये तो न पाळल्याच्या प्रकरणात सेफोरा या सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीला तिथल्या अ‍ॅटर्नी जनरलशी १२ लाख डॉलर भरून समझोता करावा लागला. आणि जुलै २०२५ मध्ये हेल्थलाइन या आरोग्यविषयक वेबसाइटचं प्रकरण १५.५ लाख डॉलरवर मिटलं. ते वाचताना माझा हात थांबला. आरोप हाच होता: वाचकांनी नकार दिल्यावरही ट्रॅकर चालूच होते, आणि ज्या लेखांच्या शीर्षकांवरून वाचणाऱ्याला कुठला आजार झाला असेल ते कळू शकतं, ती शीर्षकं जाहिरातवाल्यांकडे जात होती. शीर्षक. माझ्या पॅनलमध्येही शीर्षकच होतं.

आपल्याकडे पुट्टस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं एकमतानं सांगितलं. २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि मुख्य तरतुदी लागू व्हायला तिथून १८ महिने दिले आहेत. त्यातल्या दोन गोष्टी बाबांना मी मुद्दाम वाचून दाखवल्या. एक, दिलेली संमती मागं घेणं हे ती देण्याइतकंच सोपं असलं पाहिजे. दोन, संमती मागताना तो मजकूर इंग्रजीत किंवा घटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या भाषेत वाचायचा पर्याय द्यावा लागेल. मराठी त्या परिशिष्टात आहे. बाबा म्हणाले, “म्हणजे मला तू लागणार नाहीस.” चाळीस वर्षं मराठी खिळे जुळवलेल्या माणसाला स्वतःच्या रक्ताबद्दलचा प्रश्न दुसऱ्याकडून समजून घ्यावा लागतो, हे मला त्या वाक्यानं पहिल्यांदा नीट जाणवलं.

तक्रार मी कायदा पूर्ण लागू व्हायची वाट न बघता केली. २०११ चे जे माहिती-तंत्रज्ञानविषयक नियम आहेत, त्यात आरोग्याची माहिती ‘संवेदनशील’ धरली आहे, आणि कंपनीनं तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क वेबसाइटवर द्यायचा, तक्रार महिन्याभरात मिटवायची, असंही म्हटलं आहे. नाव पानाच्या अगदी तळाशी, धोरणाच्या दुव्यात सापडलं. ईमेलमध्ये रागाचा एक शब्द लिहिला नाही. तारीख, वेळ, पायऱ्या, अपेक्षित काय, प्रत्यक्षात काय, पुराव्याची चित्रं. बग नोंदवतात तसंच. खाली तीन प्रश्न. नकारानंतरही ट्रॅकर का चालतात? बाबांच्या नावानं आजवर कुणाकुणाला काय पाठवलं आणि ते पुसणार का? आणि ब्राउझरच्या बाहेरून, थेट तुमच्या सर्व्हरवरून जाहिरात कंपन्यांकडे काही जातं का?

एकोणिसाव्या दिवशी उत्तर आलं, आणि ते साच्यातलं नव्हतं. कुणीतरी माझ्या पायऱ्या खरंच करून बघितल्या होत्या. जोडणीत चूक होती हे मान्य केलं, बाबांची माहिती जाहिरातीच्या यादीतून काढल्याचं कळवलं. मी त्याच दिवशी पुन्हा तपासलं. चौकट उभी असताना दोन निरोप, ‘नाकारा’नंतर एक, आणि तो पैसे भरायच्या सेवेचा, जो लागतोच. तपासणीचं नाव कुठेही नाही. हे त्यांनी केलं, आणि मनापासून केलं असं मी मानते. चौकट मात्र अजून इंग्रजीतच आहे आणि ‘पर्याय’ अजून राखाडीच आहे.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आलेलं नाही. तो मी दोनदा पुन्हा पाठवला. त्याच्यावर मी एवढी अडून का बसले आहे ते सांगते. ब्राउझरमधून जे जातं ते मला दिसतं, आणि आता मी ते अडवूही शकते. कंपनीच्या सर्व्हरवरून थेट जे जातं ते ग्राहकाच्या कुठल्याच पॅनलमध्ये येत नाही. तिथं ‘नाकारा’ पाळलं का, हे जाणायला कंपनीच्या शब्दाशिवाय ग्राहकाकडे काही नाही. आणि त्यांच्या शब्दावर आम्ही एकदा विसंबलो होतो.

टॅबलेटचं काय केलं ते बऱ्याच जणींनी विचारलं म्हणून थोडक्यात. अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये गूगल, मग जाहिराती, तिथं जाहिरातीचा आयडी पुसून टाकता येतो, तो पुसला. ब्राउझर म्हणून फायरफॉक्स घातला आणि त्यात यूब्लॉक ओरिजिन, म्हणजे जाहिराती आणि ट्रॅकर अडवणारी जोडणी. तक्रारीआधी याच जोडीनं मी ती वेबसाइट तपासली होती, तेव्हा नऊपैकी आठ निरोप निघालेच नव्हते. दोन्ही फुकट आहेत आणि आईला वापरताना फरकही कळत नाही, पान जरा लवकर उघडतं एवढंच. पण ही जोडी ब्राउझरपुरती. ही सेवा अ‍ॅप घेतलं तर ५० रुपये कमी करते, आणि अ‍ॅपच्या आत यूब्लॉक काही करू शकत नाही. ते ५० रुपये मी घेणार नाही, तुम्हीही घेऊ नका.

शिवाय घरोघरी अशी मुलगी असेल, रविवारी लॅपटॉप घेऊन बसेल, यावर हे सोडून चालणार नाही. ज्यानं ‘नको’ म्हटलं त्याचं काम तिथं संपलं पाहिजे. मी ऑफिसमध्ये आता आमच्या प्रत्येक प्रॉडक्टसाठी एक टेस्ट केस घातली आहे: नाकारल्यावर बाहेर जाणारे निरोप मोजा, त्यांचा मजकूर वाचा, एक जरी जाहिरातीचा निघाला तरी रिलीज थांबवा. पहिल्याच फेरीत आमच्या दोन पानांवर असेच निरोप सापडले. ते थांबवून दुरुस्त करून घेतले.

तारे द्यायचे तर रक्त घ्यायला आलेल्या मुलाला आणि फोनवरच्या बाईंना पाचपैकी पाच. रिपोर्टला पाच. तक्रारीच्या उत्तराला तीन. संमतीच्या चौकटीला एक, तोही दुरुस्तीनंतरचा. संक्रांतीच्या दिवशी शून्य होता. सगळ्याची सरासरी मी काढणार नाही. शीर एका फटक्यात सापडली म्हणून हळदीकुंकवातली ती दुपार कमी होत नाही.

एप्रिलमध्ये डॉक्टरांनी पुन्हा पीएसए सांगितली. मी विचारलं, घरी बोलवू का त्याच मुलाला? बाबा म्हणाले, “तो चांगला होता. पण आपण चालत जाऊ.” लक्ष्मी रोडच्या बाजूला एका गल्लीत जुनी लॅब आहे, तिथं गेलो. काउंटरवरच्या ताईंनी छापील अर्ज पुढं केला, मराठीतला. बाबांनी चष्मा लावून तो वरपासून खालपर्यंत वाचला, नाव लिहिलं, वय लिहिलं. मोबाइलच्या रकान्याशी पेन थांबलं.

“नंबर कशासाठी?”

“रिपोर्ट झाला की मेसेज येतो, आजोबा.”

“किती वाजता होईल?”

“पाचला.”

“मग मी येतो घ्यायला,” बाबा म्हणाले आणि रकाना मोकळा ठेवून त्यांनी अर्ज परत दिला. ताईंनी तो तसाच घेतला, फाइलला लावला आणि म्हणाल्या, “या, आत बसा.”